पैलवानानं खाल्लेल्या गोळ्या

चोर-दरोडेखोरांना गोळ्या वाटून तुला काय मिळालं, असं माझ्या सख्ख्या नणंदेनं मला एका लग्नात विचारलं होतं. भर पंगतीत, वाढपी भाताची परात घेऊन उभा असताना. मी म्हणाले, पगार मिळाला. थोडा होता, पण मिळाला. मग तिनं भात घेतला आणि मीही घेतला.

हा अंक काढणाऱ्या मुलींनी मला सांगितलं, मावशी, तुमच्या कामाचं लिहा, मनाला भिडेल असं लिहा. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. मनाला भिडणारं कसं लिहितात ते मला ठाऊक नाही. मी गोळ्या पोहोचवायचं काम केलं, त्याचं लिहिते. भिडलं तर भिडलं.

नवरा एचआयव्हीनं गेला आणि जाताना मला तो आजार देऊन गेला. त्यानं कुठून आणला हे सांगायला तो उरला नाही, आणि मला विचारायचंही नव्हतं. हट्टा या गावी सासर होतं. तिथं आधी माझं ताट वेगळं झालं, मग चूल वेगळी झाली, मग मीच वेगळी झाले आणि हिंगोलीला येऊन राहिले. सरकारी दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या मिळतात, त्या जागेला एआरटी सेंटर म्हणतात. तिथं मी गोळ्या घ्यायला जायची. पुढे एका संस्थेनं मला कामावर घेतलं. स्वतः गोळ्या खाऊन जगणारं माणूस त्यांना हवं होतं, म्हणजे बाकीच्यांना धीर येतो. काही वर्षं गावोगाव फिरले. मग त्यांनी मला आमच्या भागातल्या एका जेलचं काम दिलं. तिथं आधी दोन तरुण लावले होते, दोघंही शिव्यांना कंटाळून सोडून गेले. शिव्या मी सासरीच ऐकून घेतल्या होत्या, त्यामुळं माझं काही अडलं नाही.

काम काय ते सांगते. जेलात नवा माणूस आला की त्याला विचारून त्याचं रक्त तपासतात. आजार निघाला तर गोळ्या सुरू होतात. रोज एक गोळी. ती आजार बरा करत नाही, दाबून ठेवते. नीट घेतली तर माणूस तुमच्या-माझ्यासारखा जगतो, लेकरंबाळं वाढवतो, त्याच्यापासून दुसऱ्याला लागणसुद्धा होत नाही. पण मध्ये मध्ये चुकवली, की रक्तातला विषाणू त्या गोळीला सरावतो. मग ती गोळी खा नाहीतर खडू खा, सारखंच. म्हणून सहा महिन्यांनी, वर्षानं रक्तात विषाणू किती आहे ते मोजतात. मी सेंटरवरून गोळ्या न्यायची, रक्त काढायला तपासणीवाल्या भाऊंना घेऊन जायची, आणि ज्यांना आजार आहे त्यांच्याशी एकेकट्याला गाठून बोलायची.

कैद्याच्या हातात गोळ्यांची डबी देत नाहीत. ती जेलच्या दवाखान्यात कंपाउंडरच्या कपाटात राहते. रोज संध्याकाळी बराकी बंद व्हायच्या आधी खिडकीवर बोलवायचं, समोर गोळी गिळायला लावायची, असा नियम. पण कंपाउंडर एकटा आणि आजारी शंभर जातीचे. म्हणून तो आठवड्याच्या गोळ्या कागदाच्या पुडीत बांधून एकदम देऊन टाकायचा. त्या पुडीतून पुढचं सगळं घडलं.

ज्याच्यावर हे बेतलं त्याला मी बालाजी म्हणते. नाव बदललं आहे. गावही बदललं आहे, हवंच असेल तर जवळा बाजार धरा. बाजारात कापसाच्या गाठी उचलणारा हमाल होता. शेताच्या धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या भांडणात समोरच्याचं डोकं फुटलं आणि हा आत आला. केस चालू होती, शिक्षा झाली नव्हती. डोकं यानंच फोडलं का, हे मी त्याला कधी विचारलं नाही. ते काम कोर्टाचं.

आत आल्यावर तपासणीत त्याला आजार निघाला. मला म्हणाला, "मावशी, माझ्या बहिणीची सोयरीक चालू हाय. माझ्या गावची दोन पोरं याच बराकीत हायत. हे गावात गेलं तर पोरीला कोणी करून घेणार न्हाई. मला मेलेलं चालंल, पण हे भाईर जाऊ देऊ नका."

मी म्हणाले, "मरायचं कोणी सांगितलं? गोळी खायची आन तोंड मिटून बसायचं."

"लोक इचारतेत ना, कशाची गोळी म्हणून."

"मग सांग काहीतरी."

त्यानं काहीतरी सांगितलं. काय सांगितलं ते मला पुढं कळलं.

सहा महिन्यांनी त्याचं रक्त मोजायला पाठवलं. विषाणू कमी व्हायच्या ऐवजी वर गेला होता. माणूसही उतरला होता. गाठी उचलणाऱ्याच्या खांद्याची हाडं शर्टातून दिसायला लागली होती. सेंटरच्या डॉक्टर मॅडम शांत बाई आहेत, पण त्या दिवशी रागावल्या. म्हणाल्या, "हा गोळ्या चुकवतोय. आता तीन महिने एकही न चुकवता घेऊ दे, मग पुन्हा मोजू. तेव्हाही वरच असला तर ही गोळी त्याच्या कामाची राहिली नाही असं समजायचं. पुढच्या गोळ्या जड आहेत, आणि त्याच्या अंगात जोर राहिलेला नाही."

मी जेलात गेले. कंपाउंडरच्या खोलीत बालाजीला बोलावलं आणि कंपाउंडरला बाहेर जायला सांगितलं. तो चांगला माणूस होता, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

"गोळ्या फेकून देऊन राहिला का?"

"न्हाई मावशी. एकबी फेकली न्हाई."

"मग खातो का?"

खाली बघत बसला.

"काहून बोलून न्हाई राहिला? तोंडात गोळी हाय का आता?"

"खातेत," तो म्हणाला.

"कोण खाते?"

"पैलवान."

त्यानं बराकीत सांगितलं होतं की या ताकदीच्या गोळ्या आहेत. हमालीचं काम करून अशक्तपणा आला म्हणून सरकारी डॉक्टरनं दिल्या. आता त्याच बराकीत शिरड शहापूरकडचा एक पैलवान होता. तोही मारामारीच्या केसमध्ये आलेला. बाहेर असताना रोज दूध, बदाम आणि आखाडा. आत आला तर पातळ डाळ आणि दोन पोळ्या. दंड उतरायला लागले म्हणून तो रात्रंदिवस दुःखात. आरशात बघता येत नव्हतं तर हातानंच दंड चाचपत बसायचा. अशा माणसाच्या शेजारी कोणी ताकदीची गोळी काढली तर तो काय करणार? पहिल्या दिवशी एक मागितली. पुढच्या आठवड्यापासून पुडीच हातातून घ्यायला लागला. बालाजीसाठी एखादी-दुसरी ठेवायचा, तेवढा दयाळू होता.

"मला म्हणला, बाल्या, तुझ्यावर ही गोळी वाया चालली. तुझ्यात धरायला काही हायच न्हाई," बालाजी सांगत होता. "आन त्याला फरकबी पडून राहिला, मावशी. जोर वाढला म्हणते. सकाळी माझ्यासमोर जोर-बैठका काढते."

मला हसू आलं. ते मी दाबलं, कारण समोरचा माणूस मरायला लागला होता.

आता करायचं काय? साहेबांना सांगितलं तर पैलवानाला शिक्षा होणार आणि चुगली केली म्हणून बालाजीची हाडं मोडणार. पैलवानाला खरं सांगितलं तर बालाजीचं बिंग फुटणार, आणि पुढच्या भेटीच्या दिवशी ते जवळा बाजाराला पोहोचणार. नवी पुडी दिली तर तीही पैलवानाच्या पोटात जाणार. गोळी बराकीत नेऊ नको, खिडकीवरच गिळ, असं मी बालाजीला म्हणाले. तो म्हणाला, "पैलवान इचारंल ना, माझा हप्ता कुठं हाय म्हणून."

हप्ता म्हणत होता त्याला.

मी जेलर साहेबांकडे गेले. कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणाले की आत गोळ्यांची अदलाबदल होते, त्यावर मला सगळ्यांशी बोलायचं आहे. साहेब म्हणाले, "बोला ना. पण आजारांवर बोला, स्वच्छतेवर बोला. भलतं काही नको."

"भलतं म्हणजे?"

"ते... तुमचं स्वतःचं वगैरे. इथली माणसं कशी आहेत तुम्हाला माहीत आहे."

"साहेब, मला माझी माणसंबी माहीत हायत. इथली त्यांच्यापेक्षा वाईट नसतील."

ते हसले नाहीत, पण परवानगी दिली.

अंगणात सगळ्यांना बसवलं होतं. पुढच्या रांगेत पैलवान, मांडी ठोकून. त्याच्या मागे चार रांगा सोडून बालाजी, तोंड पडलेलं. मी उभी राहिले तेव्हा मागून एकजण म्हणाला, "आजी आली रे, आता गोष्ट सांगल." बाकीचे हसले.

मी म्हणाले, "गोष्टच हाय. या जेलात गोळ्या किती तऱ्हेच्या येतात ते ऐका. बीपीची, साखरेची, टीबीची, मिरगीची, डोक्याची. आन एचआयव्हीची. दिसायला पुष्कळशा पांढऱ्याच. दुसऱ्याच्या पुडीतली गोळी खाल्ली तर आपण काय गिळलं हे आपल्याला ठाऊक न्हाई. ज्याची होती त्याच्या औषधात खंड पडतो, तो वेगळाच."

कोणी ऐकत होतं, कोणी नखं कोरत होतं. मग मी पिशवीतून माझी डबी काढली.

"ही माझी गोळी. लांबट, पांढरी. नीट बघून घ्या. मला एचआयव्ही हाय. कितीतरी वर्षं हाय. ही गोळी रोज खाते म्हणून तुमच्यापुढं उभी हाय. कोणाला काही म्हणायचं असंल तर आताच म्हणा, मागं बोलू नका. मागचं मला ऐकू येत न्हाई, वय झालं."

मी गोळी तोंडात टाकली आणि तांब्यातलं पाणी प्याले. अंगणात नखं कोरणं थांबलं. पैलवानाकडं मी मुद्दाम बघितलं नाही. पण समोरच बसलेलं एवढं धूड, न बघता दिसतंच. त्याचं तोंड उघडं राहिलं होतं.

त्या दिवशी एका शिपायानं मला नेहमीच्या कपाऐवजी कागदी कपात चहा दिला. मी तो प्याले आणि म्हणाले, अजून एक दे. त्यानं दिला.

निघायच्या आधी कंपाउंडरच्या दारात पैलवान उभा. पोटात दुखतं म्हणून आला होता. कंपाउंडर गोळी शोधायला आत गेला तसा हा माझ्याजवळ सरकला.

"मावशी, एक इचारू का?"

"इचार."

"तुमची ती गोळी... चांगल्या माणसानं चुकून खाल्ली तर?"

"किती चुकून?"

"दोन-अडीच महिने."

"रोज चुकून?"

त्यानं मान खाली घातली. एवढा मोठा माणूस, कानापर्यंत लाल झाला.

"मला आता ते झालं का?"

"न्हाई. गोळीनं आजार होत न्हाई. आजार रक्तातून होते, सुईतून होते, बाई-माणसाच्या संगातून होते. गोळीतून कसा होईल? गोळी तर त्याला दाबायला असते."

"मग माझ्या मांड्या काहून बारीक होऊन राहिल्या?"

"जेलची डाळ खाऊन."

त्याचा विश्वास बसला नाही. मी त्याला पुन्हा सांगितलं, आणखी एकदा सांगितलं. सरळ सांगितलं, त्याला घाबरवायचा माझा डाव नव्हता. पण माणसाच्या मनात एकदा बसलं की बसलं. कालपर्यंत त्याच गोळीनं जोर वाढत होता, आज त्याच गोळीनं मांड्या बारीक होत होत्या.

मी विचारलं, "कोणाची गोळी होती?"

सगळं समजलं होतं त्याला. बालाजीचं नाव घ्यायला त्याला काही अडचण नव्हती. पण नाव घेतलं की पुढचा प्रश्न येणार, तुला कसं ठाऊक? मग ती गोळी दोन-अडीच महिने आपणच खाल्ली हे बराकीला कळणार, आणि मग पैलवानाचं ताट वेगळं होणार. हे त्यानं माझ्यासमोर उभ्या उभ्या ताडलं.

"कोणाची न्हाई," तो म्हणाला. "सापडली व्हती."

"आन पुन्हा सापडली तर?"

"हात लावणार न्हाई. आईची आण."

"आईला यात आणू नको. तपासून घे."

पुढच्या खेपेला तपासणीवाल्या भाऊंनी त्याचं रक्त घेतलं. सुई बघून डोळे मिटले त्यानं. काही निघालं नाही. भाऊंनी सगळ्यांना सांगतात तसं त्यालाही सांगितलं, तीन महिन्यांनी पुन्हा एकदा बघू. पैलवानानं फक्त 'पुन्हा' एवढंच ऐकलं. ते तीन महिने तो माझी वाट बघायचा तशी कोणी आईचीही बघत नसेल. भेटलं की हळूच मनगट पुढं करायचा, जणू मी नाडी बघून सांगणार होते.

आणि बराकीत त्यानं नवा कायदा केला. कोणाच्या पुडीला कोणी हात लावायचा नाही, लावला तर मनगट मोडीन. काहून, असं विचारायची कोणाची टाप नव्हती. साहेबांनीही संध्याकाळी खिडकीवर एक शिपाई दिला. मग बीपीवाले, साखरवाले, टीबीवाले, सगळे एकाच रांगेत उभे राहून समोर गोळी गिळायला लागले. रांगेत कोण कशासाठी उभा आहे हे कोणाला कळत नव्हतं. माणूस कमी म्हणून जे इतके दिवस होत नव्हतं, ते एका शिपायात झालं. हे आधी का झालं नाही याचा राग मला अजून येतो.

बालाजी मला म्हणाला, "मावशी, तुमी सोताचं काहून सांगितलं सगळ्याइसमोर?"

"माझी सोयरीक अडकलेली न्हाई," मी म्हणाले.

तीन महिन्यांनी रक्त मोजलं. विषाणू खाली आला होता. डॉक्टर मॅडमनी तीच गोळी चालू ठेवली. पैलवानाचाही दुसरा रिपोर्ट कोरा आला. तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला आणि मला म्हणाला, "मावशी, त्या गोळीनं ताकद मात्र येत व्हती. खोटं न्हाई बोलत." मी म्हणाले, चालता हो.

लोक विचारतात, अशा माणसांवर सरकारनं खर्च का करायचा. माझं उत्तर एकच असतं. कोर्टानं त्यांना आत ठेवलं आहे. मारून टाका म्हणून सांगितलेलं नाही. आणि बरेचजण उद्या बाहेर येणार आहेत, तुमच्याच गावात, तुमच्याच बाजारात. ते धडधाकट आलेले बरे की आजार वाढवून आलेले बरे, याचा हिशेब चौथी शिकलेल्या बाईलाही येतो.

बालाजीच्या बहिणीचं लग्न झालं. त्याला जाता आलं नाही. पुढे काही महिन्यांनी त्याला जामीन मिळाला. जामिनाची माझी एक रीत होती. घरच्यांना किंवा वकिलाला, आजाराचं नाव न घेता, सांगून ठेवायची की जामीन झाला की पेढे घ्यायच्या आधी मला फोन करा. कारण सुटकेचा कागद जेलात येतो संध्याकाळी. माणसाला वाटतं कधी एकदा बाहेर पडतो. आणि त्याच्या गोळ्या राहतात कंपाउंडरच्या कपाटात, कपाटाला कुलूप, कंपाउंडर घरी. माणूस गावी जातो, लाजेनं सेंटरला येत नाही, उद्या जाऊ म्हणतो. असा एक तरुण माझ्या हातून गेला. सुटला आणि वर्षाच्या आत मेला. त्याच्या गोळ्या कपाटात तशाच होत्या. मला फोन आला नव्हता, त्यात माझी चूक नव्हती, तरी मी त्याच्या मातीला गेले नाही. मला जाववलं नाही.

बालाजीच्या वकिलाचा फोन आला. मी रिक्षा केली आणि जेलच्या दारात जाऊन उभी राहिले. त्याला न्यायला त्याचे दाजी आले होते, म्हणजे नव्या लग्नाच्या बहिणीचे यजमान. मोटारसायकल घेऊन. बालाजी छोट्या दारातून वाकून बाहेर आला, दाजींच्या पाया पडला आणि गाडीवर बसायला निघाला. मी त्याच्या शर्टाला मागून धरलं.

"गोळ्या?"

"मावशी, उद्या येतो की सेंटरला."

"उद्या कोणी बघितला? कंपाउंडरला बोलवा," मी दारावरच्या शिपायाला म्हणाले.

"तो गेला घरी. अहो बाई, सुटला ना तो. जाऊ द्या. आता तो आमचा न्हाई."

"तुमचा नसंल. माझा हाय."

शिपायानं फोन लावला. लावावाच लागला, कारण मी शर्ट सोडत नव्हते आणि तमाशा बघायला चहावाला येऊन उभा राहिला होता. कंपाउंडर जेवणावरून उठून आला. कपाट उघडलं, डबी आणि बालाजीचं सेंटरचं कार्ड आणून त्याच्या हातात दिलं. इतके दिवस आत काढले, पण स्वतःच्या गोळ्यांची डबी त्याच्या हातात पहिल्यांदाच येत होती.

दाजींनी विचारलं, "कशाच्या गोळ्या हायत या?"

शिपाई माझ्याकडं बघायला लागला. कंपाउंडर जमिनीकडं. बालाजीनंही माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं नाही. माझं होतं तेव्हा मी भर अंगणात सांगितलं होतं. हे त्याचं होतं.

त्यानं डबी शर्टाच्या खिशात ठेवली. ती मावत नव्हती, अर्धी वर राहिली. तशीच राहू दिली.

"बसू द्या गाडीवर, दाजी. रस्त्यानं सांगतो सगळं," तो म्हणाला. "ऐकून उतरवावं वाटलं तर उतरवून द्या. मी चालत जाईन. पण गोळ्या खाली ठेवणार न्हाई."

दाजींनी त्याच्याकडं एकदा बघितलं, खिशाकडं एकदा बघितलं, त्याला मागं बसू दिलं आणि किक मारली.